परसातल्या कोंबड्या: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. हे पान दारात पाच-पंचवीस कोंबड्या ठेवणाऱ्यांसाठी आहे. हजार पक्ष्यांच्या शेडचं गणित वेगळं. बहुतेकांचा निरोप "कोणतं औषध देऊ?" असाच सुरू होतो. माझं मत आधीच सांगून टाकते. दहा वेळा औषध बदलणाऱ्यांच्या खुराड्यात डोकावलं की बहुधा दाराची कडी सैल, डोक्यावर तापलेला पत्रा आणि लस राहून गेलेली, यांतलं काहीतरी सापडतंच. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, पहिल्यांदाच पाळतोय. देशी घेऊ, गिरिराज घेऊ की कडकनाथ?

मोकळं सोडायचं असेल आणि राखण करायला कोणी नसेल तर देशी. ती झाडावर उडून बसते, घार दिसली की पिल्लांना हाक मारते, खुडूक बसते (म्हणजे अंडी उबवायला बसते) आणि पिल्लं स्वतः वाढवते. अंडी मात्र कमी, वर्षाला ६० ते ८० च्या आसपास. गिरिराज (बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची) आणि वनराज (हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची) अंगाने भरतात, अंडीही जास्त देतात. पण जड अंगामुळे पळायला मंद, त्यामुळे कुत्र्याच्या तोंडी आधी याच लागतात. उन्हातही आधी याच बसतात. नुसती अंडी हवी असतील तर ग्रामप्रिया बरी. या सुधारित जातींच्या अंड्यांतून घरी पिल्लं काढली तर ती आईसारखी निघतीलच असं नाही, म्हणून दर खेपेला पिल्लं विकत आणायची तयारी ठेवा.

कडकनाथ आपल्या शेजारच्या, मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या हवेत टिकतो, पण अंडी कमी. बाजारात काळ्या पिसांचं काहीही कडकनाथ म्हणून खपवतात, तेव्हा चोच उघडून जीभ बघा. तुरा, जीभ, पाय सगळंच काळपट हवं. आणि "आम्ही पिल्लं देतो, अंडी आम्हीच विकत घेऊ, तुम्ही फक्त पैसे भरा" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

२. अंडी मिळायला कोंबडा लागतोच का?

नाही. पिल्लं काढायची असतील तरच. ८-१० कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. दोन ठेवले तर ते आपापसात भांडतात आणि कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं जातात. जास्तीचे कोंबडे आषाढात काढून टाका, तेव्हा भाव असतो. श्रावण लागला की गिऱ्हाईक विचारत नाही.

३. दहा कोंबड्यांना खुराडं केवढं लागतं, आणि तोंड कुठे करायचं?

फक्त रात्रीपुरतं असेल तर कोंबडीमागे २ चौरस फूट, म्हणजे दहा जणींना ५ बाय ४ फूट. दिवसभर कोंडून ठेवणार असाल तर याच्या दुप्पट, नाहीतर पिसं उपटणं सुरू होतं (प्रश्न १७). लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आखूड भिंतींवर पडतं, आत येत नाही. आखूड बाजू बंद करा. लांब बाजूंना खाली फूटभर भिंत आणि वर जाळी. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच बांधलं तर पावसात ओल चढत नाही आणि खालून झाडता येतं.

आत बसायला दांडा हवा. मनगटाएवढी निंबाची किंवा बाभळीची फांदी काटे-कुसळं काढून लावा, प्रत्येकीला ८-१० इंच जागा. हा दांडा अंडी घालायच्या खोक्यापेक्षा उंच असू द्या. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा शोधते. खोकं उंच असेल तर त्यातच झोपते, त्यातच हगते आणि सकाळी अंडी माखलेली मिळतात. खोकं ४-५ कोंबड्यांना एक पुरे, फूट बाय फूट. जुनं डालगं किंवा एक बाजू कापलेला तेलाचा डबा आडवा ठेवला तरी चालतो, कापलेली कड तेवढी वळवून घ्या.

खाली तीन इंच अंथरूण. नवापूर-अक्कलकुव्याकडे भाताचा तूस मिळतो, बाकी ठिकाणी शेंगांची फोलपटं किंवा सॉ मिलचा भुसा. आठवड्यातून एकदा खालीवर करा. आत डोकं घातल्यावर डोळे चुरचुरले तर बदलायची वेळ केव्हाच टळून गेली आहे. तुमचे डोळे मिनिटभर चुरचुरतात, त्यांच्या नाकाची उंची मात्र रात्रभर तिथेच असते. "सर्दी काही जात नाही" म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासा.

४. पऱ्हाट्या घरच्याच आहेत. त्यांचा कूड घालून खुराडं केलं तर?

चालतं. हवेशीर होतं आणि पत्र्याच्या पेटीपेक्षा थंड राहतं. पण नुसता पऱ्हाट्यांचा कूड घूस एका रात्रीत पोखरते, आणि भेगांमध्ये गोचिडीला आयती जागा मिळते (प्रश्न १३). म्हणून खालचे दोन फूट तरी दोन्ही बाजूंनी शेणमातीने गच्च लिपा, आतून जाळी मारा, आणि दोन वर्षांनी पऱ्हाट्या काढून चुलीत घाला.

५. रात्री कोंबडी जाते. सकाळी कधी पिसं असतात, कधी काहीच नसतं. कोण नेतं?

नेणारा खूण ठेवून जातो. पाच-सहा कोंबड्या फाडून टाकलेल्या, खाल्लेलं काहीच नाही, अंगणभर पिसं: गावातली कुत्री. एकच नाहीशी आणि पिसांची रेघ कुंपणाकडे गेलेली: रानमांजर किंवा कोल्हा. धड आत पडलेलं पण मुंडकं नाही: जाळीची भोकं मोठी आहेत, बाहेरून पंजा घालून मान ओढली. पिल्लं दोन-दोनने कमी होतात आणि कोपऱ्यात ताजी उकरलेली माती: घूस. कोंबडी अखंड, अंग काळंनिळं, शेजारी अंडी गायब: साप. एकही पीस नाही आणि कडी बाहेरून व्यवस्थित लावलेली असेल तर तो दोन पायांचा, आणि आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात तो हमखास येतो.

दुकानात मिळणारी पातळ षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खर्च करायचाच तर अर्ध्या इंचाच्या वेल्डेड जाळीवर करा. जाळी जमिनीत फूटभर पुरा. खडक लागत असेल तर बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर दगड रचा. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. दाराला नुसता आकडा नको. सरकती कडी आणि तिच्यात अडकवायला खिळा किंवा कुलूप. दिवेलागणीला मोजून आत घ्या. एखादी झाडावर बसायला लागली तर आठवडाभर रोज उतरवून आत ठेवा, मग ती आपणहून येते.

शहादा-तळोद्याच्या ऊसपट्ट्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याचाही धोका असतो. त्याला ही जाळी काहीच नाही. तिथे खुराडं घराच्या भिंतीला लागून आणि वरून पक्कं हवं, शिवाय बाहेर दिवा. बिबट्या दिसला तर वन विभागाला १९२६ वर कळवा. पाठलाग करू नका.

६. दिवसा घार आणि मुंगूस येतात. त्यांचं काय?

घार, शिक्रा आणि कावळाही पिल्लांवर असतात. मोठ्या कोंबडीला सहसा हात लावत नाहीत. पहिले सहा आठवडे पिल्लं डालग्याखाली किंवा वरून जाळी असलेल्या जागेत ठेवा. नंतर अंगणात लपायला काहीतरी असू द्या: तुरीचा वाफा, बाजेखालची जागा, केळीचे दोन खुंट. मुंगूस दिवसाच हिंडतो, अंडीही फोडतो, म्हणून अंडी दुपारच्या आत गोळा करा. रोज एकाच जागी अंडी पडून राहिली तर त्याला पत्ता पाठ होतो. सापाचंही तेच: अंडी, सांडलेलं धान्य आणि त्यावर येणारे उंदीर ही त्याची तीन आमंत्रणं. खुराड्याजवळचा सरपणाचा ढीग हलवा, संध्याकाळी खाद्याचं भांडं आत घ्या. हात घालण्याआधी बॅटरीने खोक्यात बघायची सवय ठेवा, विशेषतः पावसाळ्यात.

७. एप्रिल-मेमध्ये दुपारी उभ्या-उभ्या पडतात. काय देऊ?

देण्याआधी करायचं बरंच आहे. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या पुढेमागे, आणि आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो. अशा वेळी अंगातली उष्णता बाहेर टाकायला तोंडाची वाफ एवढाच मार्ग तिला उरतो. चोच उघडी, घसा भात्यासारखा हलतोय, दोन्ही पंख अंगापासून सुटे धरलेत, ही पहिली पायरी. पंख जमिनीला टेकले, मान खाली गेली, हाकललं तरी उठत नाही, ही शेवटची.

पहिलं काम छपराचं. पत्र्यावर बाहेरून चुना फासा आणि वर उसाचं पाचट किंवा केळीची वाळलेली पानं वितभर जाड पसरून दोरीने बांधा. चूल जवळ असेल तर पाचट नको, नुसता चुना आणि वर हिरव्या वेलाची सावली. दुसरं पाणी. प्लास्टिकचं भांडं उन्हात तापतं आणि कोंबडी गरम पाणी पीत नाही. फुटक्या माठाचं बूड सावलीत ठेवा, दुपारी दोनदा बदला. एरवी कोंबडी पाव लिटरच्या आत पाणी पिते, मेमध्ये त्याच्या दुप्पट धरा. तिसरं खाद्य. पचनातही उष्णता तयार होते, म्हणून सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच द्या. दुपारी बारा ते चारमध्ये त्यांना पकडू नका, लस देऊ नका, गाडीवर घालून बाजारात नेऊ नका.

ओल्या गोणपाटाबद्दल बरेच जण विचारतात. मेच्या कोरड्या झळांमध्ये जाळीवर सोडलेलं ओलं गोणपाट फार कामाचं. जूनमध्ये एखादी सर पडून उकाडा दमट झाला की तेच गोणपाट काढून टाका. तेव्हा ओल सुकत नाही, गारवा होत नाही, उलट वारा अडतो. त्या दिवसांत पंखा किंवा झाडाखालची मोकळी जागा बरी.

पडलेली कोंबडी सावलीत नेऊन पाय आणि पोट माठातल्या पाण्यात बुडवा. बर्फाचं पाणी नको. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. चोच पाण्याला लावा, तीच पिईल. माणसांच्या ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात दुपारपुरती चालते, शेजारी साधं पाणीही असू द्या.

८. आणलेली पिल्लं पहिल्याच आठवड्यात मरतात. टॉनिक कोणतं?

ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. दिव्याखाली ढीग करून चिवचिवाट करतात तर थंडी वाजतेय; कडेला पांगून धापा टाकतात तर दिवा वर घ्या; सगळीकडे विखुरून चरतात तर ठीक. धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा एक आकड्यावर येतो, तेव्हा वीज गेली की पहाटे ढीगाखालची पिल्लं गुदमरलेली मिळतात. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, तो धूर पिल्लांना आणि तुम्हालाही घातक.

गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात, म्हणून खाली गोणपाट. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर बुडतात. मेमध्ये पिल्लं आणूच नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी चांगला काळ.

९. घरची दादर (रब्बी ज्वारी) आणि मका टाकतो. वेगळं खाद्य हवं का?

दिवसभर उकिरडा आणि बांध उकरणाऱ्या देशी कोंबडीला किडे-अळ्या मिळतात. तिला संध्याकाळी मूठभर, म्हणजे ४०-५० ग्रॅम धान्य पुरतं. कोंडून ठेवलेल्या अंड्यावरच्या कोंबडीला रोज ११० ते १२० ग्रॅम समतोल खाद्य लागतं. नुसत्या धान्यात प्रथिनं आणि कॅल्शियम पुरेसं नसतं. घरी ५० किलो मिश्रण करायचं तर मका किंवा ज्वारीचा भरडा २६ किलो, सोयाबीन पेंड १२, गव्हाचा कोंडा ७, शिंपल्याचा किंवा चुनखडीचा चुरा ४, पक्ष्यांचं खनिज मिश्रण १ किलो आणि मीठ दीडशे ग्रॅम. हे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी. पिल्लांना एवढं कॅल्शियम देऊ नका, त्यांच्या मूत्रपिंडावर ताण येतो.

दोन गोष्टी टाकू नका. पहिली, पावसात भिजून काळी-हिरवी पडलेली मका. "माणसाच्या कामाची नाही, कोंबड्यांना टाकू" हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्या बुरशीचं विष यकृत खराब करतं, आणि मका वाळवून किंवा भाजून ते जात नाही. दुसरी, उरलेली शेव आणि फरसाण. खारट फार, कोंबडीला तेवढं मीठ झेपत नाही.

१०. अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी निघतो. अंडं खराब झालं का?

ढेपेची पाटी कुठे आहे ते बघा. गाई-म्हशींसाठी आणलेली सरकी पेंड कोंबड्या खात असतील तर हे होतं. सरकीतल्या गॉसिपॉलमुळे बलक हिरवट-तपकिरी पडतो, अंडं ठेवून दिलं की जास्तच, आणि सरकीतल्याच दुसऱ्या एका घटकाने पांढरं गुलाबी होतं. कपाशीच्या मुलखात हा प्रश्न येणारच. पाटीवर झाकण ठेवा, काही आठवड्यांत रंग सुधारतो. बलकावरचा रक्ताचा बारीक ठिपका वेगळा, तो निरुपद्रवी. काढून टाकून अंडं खा.

११. मानमोडीने सगळ्या गेल्या. पुढच्या वेळी काय करू? आणि दहा कोंबड्यांना लस कोण देणार?

मानमोडीला, म्हणजे राणीखेतला, औषध नाही. हिरवी हगवण, तोंड उघडून श्वास, मग मान वळते, लंगडतात आणि दोन-चार दिवसांत वाडा रिकामा होतो. लस हाच उपाय. पिल्लाला ५ ते ७ व्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. १४ व्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस. २८ व्या दिवसाच्या सुमारास लासोटाचा दुसरा डोस. सहा-सात आठवड्यांत देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत. आठ आठवडे झाल्यावर आर-टू-बी (मानमोडीचीच, पण मोठ्या पक्ष्यांची लस), कातडीखाली अर्धा मिली, आणि मग दर सहा महिन्यांनी. आर-टू-बी लहान पिल्लांना देऊ नका, आणि शक्यतो अंड्यावर यायच्या आधी द्या.

लसीची बाटली शंभर-दोनशे डोसांची येते आणि पाण्यात मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्ली एकत्र करा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा, एक दिवस ठरवा, बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये बाटली आणा आणि पहाटे कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी घरोघरी देऊन या. शेजारच्या पाच घरांच्या कोंबड्या तुमच्याच उकिरड्यावर चरत असतील तर फक्त तुमच्या टोचून भागत नाही. खिशात घालून आणलेली कोमट लस दिली काय, न दिली काय. आजारी पक्ष्याला लस द्यायची नाही. एका ठिकाणी रोग सुरू झाल्यावर धावाधाव करून टोचलं तर आधीच लागण झालेल्या वाचत नाहीत, आणि मग "लसीनेच मेल्या" असं गावभर होतं. साथ बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर येते, त्याआधी उरकून घ्या.

१२. आठवडी बाजारातून नवीन कोंबडी आणली. लगेच सोडली तर?

सोडू नका. गावात मानमोडी बहुतेक वेळा बाजाराच्या पिशवीतून येते. बाजारात कोंबडी स्वस्त का मिळाली हाही प्रश्न स्वतःला विचारा. घरात मर सुरू झाली की लोक उरलेल्या विकायला काढतात. निदान १५ ते २१ दिवस वेगळं डालगं, वेगळं पाणी, घराच्या दुसऱ्या टोकाला. आधी जुन्यांचं दाणापाणी, मग नवीनचं, आणि शेवटी हातपाय धुणं. त्याच काळात जंताचं औषध द्या, पंखाखाली गोचीड बघा. बाजारात नेऊन न विकलेली स्वतःची कोंबडीसुद्धा नवीनच समजा.

१३. रात्री कोंबड्या आत जायला तयार नाहीत, तुरा पांढरा पडलाय, पण अंगावर काही दिसत नाही.

गोचीड असणार. कोंबडीची गोचीड दिवसा अंगावर सापडत नाही. रात्री येऊन रक्त पिते आणि उजाडायच्या आत भेगेत जाते. रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन जा. दांडा जिथे भिंतीत शिरतो तिथे नखाने किंवा चाकूच्या टोकाने खरवडा: चपट्या, राखाडी-तपकिरी, तुरीच्या डाळीएवढ्या, आणि प्यायलेल्या असतील तर फुगून निळसर. दिवसा बघायचं तर पंखाखालच्या कातडीला चिकटलेली बारीक पिल्लं बघा.

कोंबडीला कितीही औषध लावा, घर भिंतीत असेपर्यंत ती परत येणार. उपाशीपोटी ती वर्षापेक्षा जास्त काढते, म्हणून खुराडं महिनाभर रिकामं ठेवूनही उपयोग नाही. सगळं बाहेर काढा, भेगांवर गॅसच्या टॉर्चने आंच फिरवा (कुडाच्या खुराड्यात अर्थातच नाही), मग भेगा सिमेंटने किंवा शेणमातीने बुजवा आणि चुना मारा. पशुवैद्यकांनी सांगितलेलं गोचीडनाशक रिकाम्या खुराड्यात, सांगितलेल्या प्रमाणातच फवारा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. कपाशीवरचं औषध कोंबड्यांवर मारू नका, त्याने गोचिडीआधी कोंबडी जाते. धूळस्नानाला एका कोपऱ्यात राख आणि कोरडी माती ठेवा, त्याने उवा-पिसवा आटोक्यात राहतात.

१४. हगवण हिरवी, पांढरी, लाल. कोणती कशाची?

नुसत्या रंगावरून निदान होत नाही, पण दिशा कळते. हिरवी आणि सोबत मर सुरू असेल तर प्रश्न ११. न खाणाऱ्या कोणत्याही कोंबडीची विष्ठा पित्तामुळे हिरवी होते, हेही लक्षात असू द्या. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत रक्ताची हगवण, पंख पाडून बसणं, पावसाळा आणि ओलं अंथरूण, हे सगळं एकत्र दिसलं तर रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस). अँप्रोलियम पाण्यातून देतात, प्रमाण डॉक्टरांकडून घ्या आणि अंथरूण त्याच दिवशी बदला. लहान पिल्लांच्या बुडाला पांढरा चिकटा असेल तर पिल्लं जिथून आणली तिथून पुन्हा आणू नका. आणि दिवसातून एक-दोनदा येणारी चॉकलेटी, फेसाळ, घाण वासाची विष्ठा अगदी नॉर्मल आहे. तिचे फोटो मला सगळ्यात जास्त येतात.

दुकानदाराने दिलेली अँटिबायोटिकची पुडी उठसूट पाण्यात टाकू नका. कोलिस्टिनसारखं औषध तर २०१९ पासून खाद्यप्राण्यांसाठी बंदच केलेलं आहे.

१५. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती फोड आलेत.

देवी. डासांमुळे पसरते, म्हणून पावसाळ्यानंतर जास्त. खपल्या उपटू नका. हळद खोबरेल तेलात कालवून लावा, डोळा चिकटला तर कोमट पाण्याने पुसा, आणि दिसत नाही म्हणून उपाशी राहू नये यासाठी दाणे हाताने द्या. बहुतेक दोन-चार आठवड्यांत सुधारतात. घशात पिवळट थर आला असेल तर लगेच दवाखाना. लसीसाठी प्रश्न ११.

१६. अंडी अचानक बंद झाली. आजार आहे का?

आधी हे चार प्रश्न. लपवून घालते का? (पऱ्हाट्यांचा ढीग, गव्हाणीचा कोपरा बघा.) पिसं झडतायत का? झडतीच्या दोन-तीन महिन्यांत अंडी थांबतात, हे दरवर्षीचंच. डिसेंबर आहे का? तेव्हा आपल्याकडे दिवस साधारण ११ तासांचा होतो. अंड्याला १४ तास उजेड लागतो, पहाटे तीन तास दिवा लावला तर फरक पडतो. खुडूक आहे का? तर प्रश्न १८. यांतलं काहीच नसेल तर कोंबडी उचलून छातीच्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंचं मांस जाऊन हाड कोयत्यासारखं हाताला लागत असेल तर जंत किंवा गोचीड. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी द्या, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर चुकवू नका. औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत ते पाकिटावर असतं. तेवढे दिवस विकूही नका.

१७. स्वतःचीच अंडी फोडून खातात, एकमेकींची पिसं उपटतात.

जागा कमी, प्रथिनं-कॅल्शियम कमी, उजेड प्रखर, यांपैकी काहीतरी. अंडी दिवसातून तीनदा उचला, खोक्यापुढे गोणपाटाचा पडदा लावून अंधार करा, शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. रक्त निघालेली कोंबडी ताबडतोब वेगळी करा, लाल दिसलं की बाकीच्या थांबत नाहीत.

१८. खुडूक बसलीय. बसू देऊ का?

हिवाळा असेल, कोंबडा असेल तर द्या. १० ते १२ अंडी, आठवड्याच्या आतली. सातव्या रात्री बॅटरीवर धरून बघा, शिरा दिसत नाहीत ती काढा. २१ व्या दिवशी पिल्लं. एप्रिल-मेमध्ये ठेवू नका. अंडी उन्हानेच अर्धवट उबतात आणि कुजतात. खुडूक मोडायची तर तीन-चार दिवस खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, दाणापाणी नेहमीसारखं. पाण्यात बुडवणं, शेपटाला चिंधी बांधणं, हे सोडून द्या.

१९. कपाशीचं रंगीत बियाणं सांडलं होतं, कोंबड्यांनी खाल्लं. आता?

तो रंग म्हणजे बियाण्याला कीटकनाशक चोळल्याची खूण. लाळ गळणं, थरथर, पाय लुळे पडणं दिसलं तर लगेच १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर किंवा दवाखान्यात फोन करा आणि बियाण्याचं पाकीट हातात ठेवा, डॉक्टर आधी तेच विचारतील. वाचलेल्या कोंबड्यांची अंडी त्यांना विचारल्याशिवाय खाऊ नका, मेलेल्या तर नाहीच नाही. फवारणीच्या दिवशी आणि पुढचे काही दिवस कोंबड्या घरी कोंडा. पंप धुतलेलं पाणी अंगणात ओतू नका. उंदराच्या औषधाने मेलेला उंदीरही कोंबडी टोचते, तो पुरा.

२०. बर्ड फ्लू आला तर आमच्या चार कोंबड्याही नेतील का? सांगितलंच नाही तर?

सांगावंच लागतं. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे संशयित साथ कळवणं मालकाची जबाबदारी आहे. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नवापुरातच झाला, २०२१ साली पुन्हा तिथेच. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही. लागण निश्चित झाली की साधारण १ किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी नष्ट करतात, त्यात परसातलेही आले, आणि १० किलोमीटरपर्यंत पाहणी चालते. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही, म्हणून लपवण्यात तोटा तुमचाच.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरा-पाय जांभळे पडले, डोकं सुजलं, तर उघड्या हाताने हात लावू नका, कापू नका, नदी-नाल्यात टाकू नका. मानमोडीही अशीच दिसू शकते. फरक प्रयोगशाळेत कळतो, व्हॉट्सअॅपवर नाही. एरवीची मेलेली कोंबडी तीन फूट खड्ड्यात चुना टाकून विहिरीपासून लांब पुरा. साथीच्या काळात अंडी-मटण ७० अंशांवर पूर्ण शिजवलं तर विषाणू टिकत नाही. कच्चा बलक तेवढा टाळा.

२१. शेजारी वासाची तक्रार करतात. आणि खत थेट झाडांना घातलं तर?

वास ओलीचा असतो. पाण्याचं भांडं सांडतं तिथलं अंथरूण रोज काढा, बाकी प्रश्न ३. ताजं कोंबडखत तीव्र असतं, मुळं जाळतं. पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने कुजवा, मग वांग्या-मिरचीला घाला. पहाटे तीनला आरवणाऱ्या कोंबड्यावर मात्र इलाज नाही. खुराडं अंधारं ठेवलं तर थोडा उशिरा सुरू होतो. शेजाऱ्याला अधूनमधून अंडी देत जा.

२२. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आठ दिवस माहेरी जायचंय. कोंबड्यांचं काय करू?

नेमकं ऐन उन्हात! घरात कोणीच राहणार नसेल तर कोंबड्या दुसऱ्याच्या खुराड्यात नेऊन ठेवू नका. आठ दिवसांत तिथले आजार घेऊन येतील आणि परत आल्यावर १५-२१ दिवस वेगळ्या ठेवाव्या लागतील (प्रश्न १२). त्यापेक्षा माणूस तुमच्याकडे येऊ द्या. त्याच्याकडून तीनच कामं मागा: सकाळी सोडून दाणे टाकणं, दुपारी पाणी बदलणं, दिवेलागणीला मोजून कडी लावणं. मोजायचा आकडा खुराड्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा. पाण्याची भांडी दोन ठेवा, दोन वेगळ्या सावल्यांत, म्हणजे एक कलंडलं तरी दुसरं असतं. दाणे रोजच्या मापाच्या आठ पुड्या बांधून द्या, नाहीतर दोन दिवसांत पोतं रिकामं होतं आणि घुशींचं लग्न लागतं. त्या आठ दिवसांतली अंडी राखणाऱ्याची, हे आधीच सांगून टाका. मग तो कोंबड्या मोजायला विसरत नाही.